पलटणीतील मास्तरकी आणि विद्यापीठातील कवायत

माणदेशातून पोटासाठी बाहेर पडण्याच्या वाटा अनेक होत्या. मुंबईची गिरणी होती, दुष्काळी कामावरची खडी होती, परमुलखातली मजुरी होती. परंतु महारवाड्यातील माणसाचा दर्जाच बदलून टाकतील अशा वाटा दोनच : एक पलटणीची आणि दुसरी शाळेची. तराळकी करणाऱ्या बापाच्या पोटी १९२१ साली आटपाडीत जन्मलेले शंकरराव खरात शाळेच्या वाटेने निघाले आणि मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोहोचले. पलटणीच्या वाटेने गेलेल्यांची नावे मात्र बहुधा पेन्शनच्या पुस्तकातच राहिली.

या दोन वाटा एकमेकींना जेथे मिळतात अशी एक जागा आहे. ती म्हणजे लष्करी माणसाला मिळणारी शिक्षकाची नेमणूक. आज तिचे नेहमीचे रूप राष्ट्रीय छात्रसेनेचे, म्हणजे एन.सी.सी.चे आहे. पलटणीतील हवालदाराला, सुभेदाराला किंवा अधिकाऱ्याला दोन-तीन वर्षे महाविद्यालयीन मुलांना शिकविण्यासाठी, त्यांच्यातून उद्याचे अधिकारी घडविण्यासाठी पाठविले जाते. ही नेमणूक समोर आली की लष्करी माणूस विचारात पडतो. पलटणीपासून दूर गेलो तर आपले नाव मागे पडेल काय? वरिष्ठांच्या अहवालात या वर्षांना वजन मिळेल काय? की घराजवळ राहता येते, मुलांच्या शाळा नीट होतात, एवढ्यावर समाधान मानावे? लष्करात हा प्रश्न व्यक्तिगत हिशेबाचा मानला जातो. परंतु ज्या समाजाला पलटणीत शिरण्यासाठीच अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, त्या समाजातील माणसापुढे हा प्रश्न येतो तेव्हा तो केवळ व्यक्तिगत राहत नाही. त्याला शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास बाजूला ठेवून केलेले वजन खोटे ठरेल.

(१)

या इतिहासातले पहिले मोठे नाव सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे आहे. रामजीबाबांना आपण बाबासाहेबांचे वडील म्हणून ओळखतो. परंतु त्यांच्या लष्करी आयुष्याचा विचार त्यांच्या स्वतःच्या पेशाच्या अंगाने आपण फारसा केलेला नाही. त्यांचा पेशा बंदुकीचा नव्हे, शिक्षकाचा होता. कंपनी सरकारच्या लष्करात सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे असे. या पलटणीतल्या शाळांना शिक्षक लागत आणि ते तयार करण्यासाठी पुण्यात नॉर्मल स्कूल, म्हणजे लोकांच्या भाषेतली पंतोजी शाळा होती. रामजीबाबा तेथे तयार झाले आणि पुढे लष्करी शाळेचे हेडमास्तर म्हणून त्यांनी चौदा वर्षे काम केले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला, तो या मास्तरकीच्या घरात.

ज्या काळात गावातील शाळेच्या ओसरीवरही अस्पृश्य मुलाला उभे राहू दिले जात नव्हते, त्या काळात एक महार गृहस्थ हेडमास्तर होता ही गोष्ट क्षणभर थांबून समजून घेतली पाहिजे. गावगाड्यात ज्ञान देणारा आणि ज्ञान नाकारला जाणारा यांच्या जागा जन्माने ठरलेल्या होत्या. छावणीच्या कुंपणाआत ती वाटणी मोडली. लढाईत शौर्य गाजविणारा महार वर्णव्यवस्थेला एकवेळ चालत होता. त्याच्या शौर्याचा उपयोग करून घेऊन त्याला पुन्हा वेशीबाहेर ठेवता येत होते. पण शिकविणारा महार ही गोष्ट व्यवस्थेच्या मुळावर येणारी होती. म्हणून पलटणीतील मास्तरकी ही दुय्यम चाकरी नव्हती. आपल्या समाजाच्या दृष्टीने ती त्या काळातली सर्वांत मोठी लष्करी कामगिरी होती.

याचे फळ कोठे दिसते? एक फळ घरात दिसते. पेन्शनीतल्या तुटपुंज्या पैशावर संसार चालवीत, मुलीचे दागिने गहाण टाकून मुलासाठी पुस्तके आणणारा बाप ही पलटणीतल्या शाळेचीच निर्मिती होती. दुसरे फळ समाजात दिसते. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर लेखणी हाती घेतात, अस्पृश्यतेला धर्मशास्त्राच्याच भाषेत सवाल करतात, हे पलटणीने दिलेल्या अक्षराशिवाय घडले नसते. पुढे १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या वेळी कोकणातले निवृत्त सैनिक मोठ्या संख्येने पुढे आले. समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकांना शिस्त आणि कवायत शिकविणारे हातही असेच पेन्शनीतले होते. कोणत्याही सरकारी हुकमाशिवाय त्यांनी आपणच आपली नेमणूक शिक्षकाच्या जागी करून घेतली होती.

परंतु या चित्राची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. ती बाजू आपल्याला माणदेशाच्या उंबरठ्यावरच आणून सोडते. निवृत्तीनंतर रामजीबाबा प्रथम दापोलीस आणि मग साताऱ्यास आले. १९०१ च्या सुमारास ते खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार म्हणून नोकरीस होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे काम काढले होते. माण-खटावला असे तलाव नवे नव्हते. म्हसवडजवळच्या राजेवाडीच्या तलावाचे कामही १८७६-७७ च्या दुष्काळातच सुरू झाले होते. चौदा वर्षे लष्करी शाळा चालविलेला हेडमास्तर निवृत्तीनंतर दुष्काळी कामावर मजुरीचे पैसे मोजीत होता. छावणीबाहेरच्या कोणत्या शाळेने त्याला मास्तर म्हणून घेतले असते?

त्याच गोरेगावला वडिलांकडे निघालेल्या मुलांचे मसूर स्टेशनवर काय झाले ते बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. मुलांचे कपडे उंची होते, इंग्रजी पद्धतीचे होते. त्यावरून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणाची मुले वाटली. जात कळताच त्यांचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना. पलटणीतल्या मास्तरकीने अंगावर कपडे दिले, मुलाच्या डोक्यात इंग्रजी घातले. परंतु छावणीचे कुंपण ओलांडले की त्या पदवीची किंमत एक मडके पाण्याइतकीही उरत नव्हती. त्या दर्जाला गावात कोणी वारस नव्हता.

(२)

कुंपणाबाहेर किंमत नव्हती, आणि लवकरच कुंपणाआतली जागाही गेली. १८५७ नंतर लष्कराची फेररचना झाली आणि लढाऊ जातींचा सिद्धांत पुढे आला. १८९२ मध्ये महारांची भरती थांबविण्यात आली. या निर्णयाचा विचार आपण सहसा नोकऱ्या गेल्या या अंगाने करतो. त्याहून मोठी हानी वेगळी होती. भरती गेली म्हणजे पलटणीतली शाळा गेली. शाळा गेली म्हणजे मास्तर गेला. आणि मास्तर गेला म्हणजे पुढच्या पिढीतला लिहिणारा-वाचणारा गेला. आपल्या समाजाला अनायासे मिळालेली सक्तीच्या शिक्षणाची एकमेव योजना एका हुकमाने बंद झाली.

वलंगकरांनी १८९४ मध्ये भरतीच्या मागणीचा अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांकडे राजनिष्ठेचे अर्ज म्हणून पाहणारे विद्वान आहेत. ते अर्जांची भाषा पाहतात, त्यांतली मागणी पाहत नाहीत. ती मागणी बंदुकीची होती, तशीच पाटीची होती.

मग १९१७ साल उजाडले. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा महारांची आठवण झाली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्धाची गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. त्याच १९१७ साली हिंदुस्थानातील विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे लष्करी पथक उभारण्यास सुरुवात झाली. १९२० च्या प्रादेशिक सेनेच्या कायद्याने त्याचे युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच्या नावात 'ऑफिसर्स' हा शब्द आला. आणि त्याच १९१७ च्या सप्टेंबरात कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्यास महाराजांचे लष्करी सचिव म्हणून रुजू झाले. शिपायांनी त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकल्या आणि राहण्यास जागा न मिळाल्याने त्यांना बडोदे सोडावे लागले.

या तीन घटना एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत. एकीकडे महार शिपाई होता, त्याला विद्यापीठ नव्हते. दुसरीकडे विद्यापीठातील पथक होते, त्यात महार विद्यार्थी नव्हता. १९०७ साली एक मुलगा मॅट्रिक झाला म्हणून जेथे अभिनंदनाची सभा भरवावी लागते, त्या समाजातून दहा वर्षांनी महाविद्यालयात कवायतीला उभी राहणारी मुले कोठून येणार? पथकाच्या नियमात अस्पृश्यांना मज्जाव आहे असे लिहिण्याची गरजच नव्हती. महाविद्यालयाचा दरवाजा तेवढा पुरेसा होता. आणि तिसरीकडे एक माणूस असा होता की ज्याच्याजवळ विद्यापीठाची पदवीही होती आणि लष्करी पदही होते. परंतु त्याला शहरात पाठ टेकायला जागा नव्हती.

विद्यापीठातल्या या पथकात शिकवीत कोण होते? वरच्या जागांवर इंग्रज अधिकारी आणि सार्जंट होते, जोडीला महाविद्यालयांतील प्राध्यापक होते. पांढरपेशा वर्गाच्या राजकारण्यांनी या पथकासाठी विधिमंडळांत आणि समित्यांसमोर आग्रह धरला, तो आपल्या मुलांना अधिकारी होता यावे म्हणून. त्यात गैर काही नाही. पण त्या चर्चेत ज्यांचे वाडवडील कोरेगाव भीमाच्या खांबावर नावे कोरून गेले, त्यांच्या मुलांनी त्या पथकात कसे यावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२८ साली सायमन कमिशनपुढे लष्कर, नौदल आणि पोलीस यांतील भरतीचा प्रश्न मांडला, तो बाबासाहेबांनी.

(३)

शिक्षकाची नेमणूक ही शिडी असते तशीच ती कोंडवाडाही असू शकते. हे समजण्यासाठी अमेरिकेतील काळ्या अधिकाऱ्यांचा इतिहास पाहिला पाहिजे. दलित साहित्याने निग्रो साहित्याशी नाते जोडले, १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले. परंतु त्या समाजाच्या लष्करी इतिहासाकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

चार्ल्स यंग १८८९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून उत्तीर्ण झाले. तेथून पदवी घेणारे ते तिसरे काळे अधिकारी. १८९४ मध्ये त्यांना ओहायो राज्यातील विल्बरफोर्स या काळ्यांच्या विद्यापीठात लष्करी शास्त्राचे अध्यापक म्हणून पाठविण्यात आले. तेथे त्यांची डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी मैत्री झाली. नेमणूक सन्मानाची दिसते. पण तिच्या पाठीमागची अडचण अशी होती की काळ्या अधिकाऱ्याला गोऱ्या सैनिकांवर हुकूम चालवू देणे गोऱ्या लष्कराला नको होते. म्हणून काळ्या अधिकाऱ्याला काळ्या मुलांना शिकविण्यास पाठविणे सर्वांत सोयीचे. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा यंग यांना प्रकृतीच्या कारणावरून निवृत्त करण्यात आले. आपण धडधाकट आहोत हे दाखविण्यासाठी ते ओहायोहून घोड्यावर बसून राजधानीपर्यंत गेले. तरीही युद्धात त्यांना पलटण मिळाली नाही. त्यांना ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा देण्यात आला तो २०२२ मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी.

त्यांच्या मागोमाग बेंजामिन डेव्हिस आले. साध्या शिपायापासून सुरुवात करून १९०१ मध्ये ते अधिकारी झाले. १९०५ ते १९३८ या काळात त्यांना पुन्हा पुन्हा विल्बरफोर्स आणि टस्कगी येथे अध्यापनासाठी पाठविण्यात आले. ज्या वर्षांत बरोबरीचे गोरे अधिकारी पलटणी सांभाळून वर जात होते, त्या वर्षांत ते मुलांची कवायत घेत होते. नेमणूक तीच, गणवेश तोच. फक्त त्यामागचा हेतू त्यांना दूर ठेवण्याचा. तरीही त्या जागेचे मोल त्यांनी आपल्या वागण्याने वाढविले. टस्कगीत क्लॅनच्या गुंडांनी काळ्यांना दहशत बसविण्यासाठी मिरवणूक काढली, तेव्हा सारी वस्ती दिवे मालवून घरात बसली होती. डेव्हिस पांढरा लष्करी गणवेश चढवून, ओसरीवरचा दिवा लावून, बायकामुलांसह तेथेच बसून राहिले. वर्गात शिकविलेल्या कोणत्याही धड्याहून तो धडा मोठा होता.

१९४० मध्ये ते अमेरिकी लष्करातील पहिले काळे ब्रिगेडियर जनरल झाले. त्यांचा मुलगा, धाकटे बेंजामिन डेव्हिस, वेस्ट पॉइंटला गेला. तेथे चार वर्षे सहाध्यायांनी त्याच्याशी कामापलीकडे एक शब्दही बोलायचे नाही असा बहिष्कार पाळला. १९३६ मध्ये तो उत्तीर्ण झाला, आणि १९३८ मध्ये त्यालाही टस्कगीलाच शिकविण्यास पाठविण्यात आले. बापाच्या वाट्याला आलेली बाजूची खोली मुलाच्याही वाट्याला आली. पण महायुद्धाने दार फोडले. त्याच टस्कगीत काळ्या वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि धाकट्या डेव्हिसने त्यांचे नेतृत्व केले.

रामजीबाबा आणि डेव्हिस यांच्या नेमणुका आता शेजारी ठेवून पाहू. रामजीबाबांच्या काळात हिंदी माणसाला सुभेदारीपलीकडची वाट नव्हती. मास्तरकी हे त्यांना मिळू शकणारे सर्वांत मोठे पद होते आणि ते त्यांनी समाजासाठी वापरले. डेव्हिस यांच्यापुढे वरची वाट होती, ती त्यांच्यापुरती अडवून ठेवली होती, आणि मास्तरकी हे ती वाट अडविण्याचे साधन होते. म्हणजे एकच नेमणूक एकाला वर नेणारी आणि दुसऱ्याला बाजूला सारणारी ठरू शकते. तिचे मोल तिच्या नावात नसते. ती कोणत्या हेतूने दिली गेली, समोर कोण बसले आहे आणि तिच्यानंतर पुढे जाता येते की नाही, यावर ते ठरते.

(४)

आपल्याकडे १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. १८९२ चा हुकूम एकोणपन्नास वर्षांनी पुसला गेला. या वेळी पलटण मोडली गेली नाही. स्वातंत्र्यानंतर तिच्यात सर्व समाजांतील जवान येऊ लागले. या रेजिमेंटने भारतीय लष्कराला जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी असे दोन सरसेनापती दिले. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. पण रेजिमेंटचे नाव ज्या समाजावरून पडले, त्या समाजातील मुलगा या रेजिमेंटमध्ये जवान म्हणून भरती होणे आणि अधिकारी म्हणून दाखल होणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. सैनिकी भरतीत आरक्षण नाही. अधिकारी होण्याची वाट महाविद्यालयातून जाते, इंग्रजीतून जाते, मुलाखतीतून जाते. आणि त्या वाटेवर हात धरणारा कोणी लागतो.

१९४८ हे वर्ष येथे महत्त्वाचे आहे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून एप्रिल १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला आणि १५ जुलैला छात्रसेना सुरू झाली. विद्यापीठातील जुने पथक तिच्यात विलीन झाले. त्यानंतर अकराच दिवसांनी, २६ जुलैला, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी अमेरिकी लष्करात वर्णभेदाला मूठमाती देणारा आदेश काढला. तिकडे दार आदेशाने उघडले. इकडे दार कायद्याने मुळातच सर्वांसाठी उघडे होते. १९४९ मध्ये मुलींचा विभाग आला. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयात छात्रसेना सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली.

तिचा सर्वांत मोठा उपयोग आपल्या तरुणांना अजून पुरेसा माहीत नाही. छात्रसेनेचे 'सी' प्रमाणपत्र ठराविक श्रेणीत मिळविलेल्या पदवीधर मुलाला किंवा मुलीला लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी जाता येते आणि तेथून चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत. शिकवणीचे वर्ग परवडत नाहीत अशा मुलासाठी ही केवढी मोठी सोय आहे! पण हे त्याला सांगणार कोण? मुलाखतीत पाच दिवस काय पाहतात, गटचर्चेत न बुजता कसे बोलावे, हे शिकविणार कोण? ज्याच्या घरात अधिकारी आहे त्याला हे जेवताना कळते. ज्याच्या घरात नाही त्याला ते कवायतीच्या मैदानावरच कळू शकते, आणि ते शिकविणारा माणूस म्हणजे तोच, दोन-तीन वर्षांसाठी आलेला लष्करी शिक्षक.

(५)

आता मूळ प्रश्नाकडे यावे. आपल्या समाजातील लष्करी माणसापुढे ही नेमणूक येईल तेव्हा त्याने तिचे वजन कसे करावे?

समाजासाठी त्याग कर, बढतीचा विचार सोड, असे त्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. व्यासपीठावरून असा उपदेश करणे सोपे असते. पण अधिकाऱ्याची वर जाण्याची संधी प्रत्यक्ष पलटणीच्या कमानीवर आणि तेथल्या अहवालांवर अवलंबून असते. ज्या वयात पलटण सांभाळावयाची, त्या वयात ती सोडून मैदानावर मुले उभी करणे हे नुकसानीचे ठरू शकते. आपल्यातील अधिकारी आधीच थोडे. त्यांतील एक जरी वरच्या जागेपर्यंत पोहोचला तरी त्याचा परिणाम दूरवर होतो. डेव्हिस यांच्या आयुष्यातली वर्षे कशी खर्ची पडली ते पाहिल्यावर शिक्षकाची प्रत्येक नेमणूक डोळे झाकून स्वीकारावी असे म्हणवत नाही. विशेषतः तीच ती माणसे पुन्हा पुन्हा बाजूच्या कामावर पाठविली जात असतील, तर त्यामागचा हेतू विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

पण वेळ योग्य असेल, पलटणीतला आवश्यक काळ पुरा झालेला असेल, किंवा हवालदार-सुभेदाराच्या बाबतीत नेमणुकीने बढतीचे नुकसान होत नसेल, तर या कामाला दुय्यम मानण्याची चूक करू नये. लष्कराच्या तराजूत दोन-तीन वर्षांचे छात्रसेनेचे काम हलके भरत असेल. इतिहासाच्या तराजूत रामजीबाबांची चौदा वर्षे किती भरली ते आपल्यासमोर आहे.

माणसारख्या भागात हा प्रश्न आज अधिक तातडीचा झाला आहे. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. पण माण-खटाव-आटपाडीच्या कोरडवाहू गावांतून पहाटे रस्त्यावर धावणारी मुले पाहिली की त्यांच्या मनात अजून जुनेच चित्र असते : जवान म्हणून लागावे, पंधरा-वीस वर्षे काढावीत, सुभेदार होऊन पेन्शनवर गावी यावे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून ते चित्र मोडले आहे. चार वर्षांनंतर फार तर चौथा हिस्सा जवान कायम होतात. उरलेले एकविशी-पंचविशीत परत येतात, पेन्शनशिवाय. ज्या वाटेने रामजीबाबांपासून आपल्या अनेक घरांनी अक्षर, पैसा आणि स्वाभिमान मिळविला, ती वाट अरुंद झाली आहे. अशा वेळी मुलांनी केवळ धावू नये, पदवी घ्यावी आणि अधिकारीपदाची वाट धरावी, हे त्यांना सांगणारा, त्यांच्याच बोलीत सांगणारा शिक्षक हवा. आणि तो मुलींनाही हवा. कारण ही वाट त्यांनाही खुली आहे, पण तिचा पत्ता त्यांच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचतो.

येथे महाविद्यालयांतील आपल्या प्राध्यापकांचीही जबाबदारी आहे. छात्रसेनेचा सहयोगी अधिकारी हा महाविद्यालयातला प्राध्यापकच असतो. आपले प्राध्यापक साहित्य संमेलनात भाषण करण्यास उत्सुक असतात. मैदानावर पहाटे उभे राहण्याचे हे काम मात्र खेळाच्या शिक्षकाचे म्हणून सोडून दिले जाते. विद्यापीठातील लष्करी शिक्षण हा प्रतिगाम्यांचा प्रांत आहे, परिवर्तनवाद्यांनी तिकडे पाहू नये, अशीही एक समजूत आपल्या चळवळीत आहे. समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकांना शिस्तीत उभे करणाऱ्या त्या पेन्शनीतल्या हवालदारांना ही समजूत विचित्र वाटली असती. शिस्त कोणाच्या मालकीची नसते. ती कोण शिकवितो आणि कशासाठी शिकवितो, यावर तिचा अर्थ ठरतो.

रामजीबाबांच्या मास्तरकीला छावणीबाहेर वारस नव्हता. तो दोष त्यांचा नव्हता. बाहेर एकही संस्था अशी नव्हती की जिने त्या माणसाला हात देऊन म्हणावे, सुभेदार, आमच्या मुलांना शिकवा. आज दहिवडीला महाविद्यालय आहे, आटपाडीला आहे. तेथल्या मैदानावर उभी राहणारी मुले त्याच महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून, धनगरवाड्यांतून येतात. गोरेगावच्या तलावावर मजुरीचे पैसे मोजण्याची पाळी आलेल्या हेडमास्तराला जी जागा त्या काळाने नाकारली, ती आता आहे. पलटणीतून ती जागा घेण्यासाठी कोणी येत असेल, तर त्याचा आपल्या हातून नुसता सत्कार होऊ नये. त्याच्यासमोर मुले बसवावीत, त्याची नेमणूक संपण्याआधी त्यातली चार मुले निवड मंडळापर्यंत पोहोचतील हे पाहावे, आणि तो पलटणीत परत जाईल तेव्हा त्याचे काम पुढे चालविणारा माणूस आधीच तयार ठेवावा.